म्हादई ते मांडवी : एका नदीचे पक्षिजीवन



बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने पणजीस जाणाऱ्या मोटारीतील उतारू घाटाची वळणे सुरू झाली की बहुधा डोळे मिटून घेतात. साखळी आली की ते जागे होतात आणि मांडवीचे रुंद पात्र दिसू लागले की सामानाची आवराआवर सुरू करतात. तीन-चार तासांच्या या प्रवासात एका नदीच्या माहेराकडून तिच्या सासरापर्यंतची वाट तुडवून झाली, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. ज्याला पक्षी पाहण्याचा छंद आहे, त्याने मात्र या वाटेवर झोपणे म्हणजे भरल्या ताटावरून उठून जाण्यासारखे आहे. कारण सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्राच्या खाऱ्या चिखलापर्यंत निसर्गाने जेवढी म्हणून घरे पक्ष्यांसाठी बांधली, ती जवळजवळ सगळी या एका नदीच्या काठाने ओळीने मांडून ठेवली आहेत.

ही नदी म्हणजे म्हादई. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, देगावच्या परिसरात, भीमगडच्या दाट रानातील झऱ्यांपासून ती जन्म घेते. सत्तरीच्या डोंगरांतून ती गोव्यात उतरते, वाटेत लहानमोठे ओढे पोटात घेते आणि खाली आली की मांडवी या नावाने ओळखली जाते. तिच्या पाणलोटाचे क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात येते. म्हणजे नदी एक आणि राज्ये तीन, असा हा संसार आहे.

या पाणलोटात संरक्षित प्रदेशांची वाण नाही. उगमाकडे भीमगडचे अभयारण्य आहे. ते २०११ साली जाहीर झाले आणि त्याचा विस्तार सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. त्याला लागून गोव्याच्या बाजूस १९९९ साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. दक्षिणेस मोले येथील राष्ट्रीय उद्यान व भगवान महावीर अभयारण्य मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे रान राखलेले आहे. त्याच्या शेजारी बोंडल्याचे छोटेसे अभयारण्य आणि अगदी खाली, मांडवीच्या मुखाजवळ, चोडण बेटाच्या पश्चिम टोकावर डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. नकाशावर ही हिरवी ठिपकी पाहिली म्हणजे नदीचे रक्षण पुरेपूर झाले, असे कोणासही वाटेल. परंतु पक्ष्यांच्या मागोमाग या नदीच्या काठाने चालत गेले, म्हणजे त्या समजुतीत किती तथ्य आहे ते आपोआप उमगू लागते.

प्रवासाची सुरुवात कणकुंबीपासून करावी. हे गाव दोन नद्यांच्या उंबरठ्यावर वसले आहे. येथेच मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरून कृष्णेला जाऊन मिळते. तेथून हाकेच्या अंतरावर पडलेले पावसाचे पाणी पश्चिमेकडे वळले, तर कळसा नाल्याच्या वाटेने ते म्हादईचे होते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक बंगालच्या उपसागरास जावा आणि दुसरा अरबी समुद्रास, असा हा जलविभाजक आहे.

या माथ्यावरील सदाहरित रानात पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतात. उंच झाडांच्या छायेत मलबारी कर्णा स्तब्ध बसलेला असतो. त्याच्या नराची छाती लालभडक, डोके काळे आणि मध्ये पांढरी पट्टी. पण पाठ फिरवून बसला की तपकिरी पालापाचोळ्यात तो असा मिसळतो की पाहणाऱ्याने हात टेकावेत. फळांनी लगडलेल्या झाडावर पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि माणकासारख्या गळ्याचा लालकंठी बुलबुल येतो. गोव्याने आपला राज्यपक्षी म्हणून याचीच निवड केली आहे.

परंतु या रानाचा खरा धनी म्हणजे धनेश. मोठा धनेश, मलबारी कवड्या धनेश आणि मलबारी राखी धनेश, असे तिघेही या खोऱ्यात आढळतात. कवड्या धनेशाला कोकणात काही ठिकाणी ककणेर म्हणतात. मोठा धनेश डोक्यावरून उडत गेला की त्याच्या पंखांचा आवाज एखाद्या भात्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. त्याचा संसार मोठा विलक्षण आहे. विणीच्या दिवसांत मादी एखाद्या जुन्या, प्रचंड वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने व इतर लगद्याने ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी राहते. पुढे कित्येक आठवडे ती त्या कोंडवाड्यात असते आणि नर तिला व पिलाला फळे आणून भरवतो. या काळात नराचे काही बरेवाईट झाले, तर आतील जिवांवर उपासमारीचा प्रसंग येतो. जुना वृक्ष नसेल तर ढोली नाही, ढोली नसेल तर पिलू नाही. धनेशाने खाल्लेल्या फळांच्या बिया मात्र दूरवर पडतात आणि तेथे नवी झाडे उगवतात. म्हणजे रान धनेशाला घर देते आणि धनेश रानाला पुढची पिढी देतो. दोनशे वर्षांचा वृक्ष तोडून त्याच्या बदल्यात शंभर रोपे लावली, तरी धनेशाच्या हिशेबात ती जमेस धरली जात नाहीत. कारण रोपाला ढोली नसते.

चोर्ल्याचा घाट उतरू लागले की नदीचे दुसरे रूप सामोरे येते. पावसाळ्यात येथील कड्यांवरून पाण्याचे लोट कोसळतात. त्या गर्जनेतही एक सुरेल, अडखळती शीळ ऐकू येते. एखादा पोर शाळेत जाण्याचा कंटाळा करीत, खडे उडवीत, मनाशी शीळ घालीत चालला आहे, असा भास व्हावा. हा शीळकरी कस्तूर होय. साहेबांनी त्याचे नावच मुळी ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असे ठेवले होते. काळानिळा अंगरखा घातलेला हा पक्षी ओढ्यातील दगडांवर किडे टिपतो आणि पाऊस पडू लागला की त्याच्या कंठाला विशेष बहर येतो. वाहत्या, निर्मळ ओढ्यावाचून त्याचे भागत नाही.

येथून वाट थोडी वाकडी करून मोल्याच्या रानाकडे जाणे उचित ठरेल. कारण खांडेपार ही मांडवीची महत्त्वाची उपनदी त्या बाजूने येते. दूधसागरचा प्रसिद्ध धबधबा हा तिचाच वरचा भाग. याच रानात तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. देवळाशेजारून ओढा वाहतो आणि चारी बाजूंनी झाडी दाटलेली आहे. पक्षीनिरीक्षकांना हे ठिकाण तीर्थासारखे वाटते. पहाटे देवळाच्या अंगणात शांत उभे राहिले, तर लांब पांढरी शेपूट झुलवीत स्वर्गीय नर्तक समोरून जातो; खाली पाचोळ्यात नवरंग टुणटुण उड्या मारतो; वेलींच्या जाळीत बेडूकमुखी पक्षी वाळक्या पानासारखा दिवसभर डोळे मिटून बसलेला असतो. ओढ्याकाठी चिमणीएवढा तिबोटी खंड्या दिसला, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. जांभळा, निळा, केशरी असे रंग एवढ्याशा अंगावर कसे मावले, याचे नवल वाटते. पावसाळ्यात तो ओढ्याकाठच्या मातीत बीळ खोदून अंडी घालतो. ओढ्याचा काठ खचला, की त्याचे घर गेले.

अशा राखीव रानावरही संकटे आली नाहीत असे नाही. मोल्याच्या रानातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि विजेची वाहिनी अशा तीन कामांचे घाटत होते. २०२० साली त्यांविरुद्ध गोव्यात मोठी जागृती झाली. त्यात तरुण मंडळी आघाडीवर होती. अखेर २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील लोहमार्गाच्या कामास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. अभयारण्याची पाटी लावल्याने रक्षणाचे काम संपत नाही, किंबहुना तेथून ते सुरू होते, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

डोंगर संपले की खोरे रुंदावते. खांडेपारच्या काठी ओपा येथे पाणी उचलून फोंडा व तिसवाडीतील घराघरांत पोहोचवले जाते. नदीकाठाने पोफळीची, नारळाची, मिरवेलींची कुळागरे लागतात. पाटाचे पाणी खेळवलेल्या या सावलीत माणसाची शेती आणि रानाचे पक्षी यांची गाठ पडते. कुळागराच्या कडेला संध्याकाळी हुमण घुबडाचा खोल, घुमणारा आवाज ऐकू येतो. ते मासे व खेकडे खाऊन राहते आणि म्हणून पाण्याचा शेजार सोडीत नाही.

गांजे या गावी नदीच्या आयुष्यातील एक मोठी घटना घडते. समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत असलेल्या या ठिकाणापर्यंत भरती-ओहोटीची चाहूल पोहोचते. येथून खाली नदी दिवसातून दोनदा वर चढते आणि दोनदा उतरते. पावसाळ्यात डोंगराचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला समुद्राकडे रेटून लावते. पाऊस सरला, डोंगरातील झरे मंदावले, की खारे पाणी हळूहळू वर सरकू लागते. गोडे आणि खारे यांची ही जुनी ओढाताण आहे आणि खालच्या पक्ष्यांचे सारे अन्नपाणी तिच्यावर अवलंबून आहे.

ही ओढाताण माणसाने कशी सांभाळली, हे पाहावयाचे असेल तर दिवाडी आणि चोडण या बेटांवरील खाजन जमिनी पाहाव्यात. आपल्या पूर्वजांनी खाडीला बांध घातले, बांधात मानस नावाचे लाकडी दरवाजे बसविले आणि भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवून ओहोटीला आतले पाणी सोडण्याची युक्ती शोधली. गावकऱ्यांच्या सामाईक व्यवस्थेतून ही कामे शतकानुशतके चालली. खाऱ्या मातीतही तग धरणारे कोरगुट भात येथे पिकते. या शेतांत मान पांढरी असलेले करकोचे गंभीरपणे फेऱ्या घालतात, बगळे गुरांच्या पायांशी घुटमळतात, टिटवी बांधावरून ओरडा करते. दुर्मिळ झालेला छोटा क्षत्रबलाक, म्हणजे टकल्या डोक्याचा तो उंच, वृद्ध न्यायाधीशासारखा दिसणारा करकोचा, याच भागात अधूनमधून दृष्टीस पडतो. आज पुष्कळ ठिकाणी बांध फुटले आहेत, मानसांची देखभाल होत नाही. बांध फुटला की शेत जाते, आणि शेताबरोबर शेतातील पक्षीही जातात.

जुन्या गोव्यापासून जवळच, कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागून, करमळीचे तळे आहे. आगगाडीची वाट पाहणारा उतारूदेखील तेथे पक्षी पाहू शकतो. कमळांच्या व पाणवनस्पतींच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी जणू जमिनीवरून चालावे तसा चालतो. जांभळ्या पाणकोंबड्या वेतात कुरबुरत असतात. अडईंचे थवे शीळ घालीत उठतात आणि पुन्हा बसतात. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड देशांतून तलवार बदके, थापटे व इतर पाहुणे येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ येथे जाण्यास उत्तम.

प्रवासाची अखेर चोडणला करावी. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की समोरच खारफुटीचे ते रान लागते. १९८८ साली स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे १७८ हेक्टरांचे आहे. तरी पाहणाऱ्याचा संपूर्ण दिवस त्यात सहज जातो. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या डॉ. सालिम अली यांचे १९८७ साली निधन झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे नाव या ठिकाणाला मिळाले. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात निवटे उड्या मारतात, खेकडे बिळाच्या तोंडाशी नांगी हलवितात आणि त्यांवर टपून खंड्यांची सारी भाऊबंदकी जमलेली असते. पांढऱ्या छातीचा नेहमीचा खंड्या, काळ्या टोपीचा खंड्या, गळ्यात पांढरी पट्टी असलेला खाडीतला खंड्या, जाड लाल चोचीचा मोठा खंड्या. एकाच फेरीत यांपैकी चौघांची भेट झाली तरी आश्चर्य नाही. रातबगळे दिवसभर फांद्यांवर डुलक्या घेतात. ब्राह्मणी घारी पात्रावर घिरट्या घालतात आणि हिवाळ्यात मासेखाऊ मत्स्यघार वरून दगडासारखी पाण्यात कोसळते.

येथवर आल्यावर या प्रवासाचे मर्म ध्यानात येते. कणकुंबीच्या रानातील धनेश आणि चोडणच्या चिखलातील खंड्या एकमेकांना कधी भेटत नाहीत. तरी दोघांचे जीवन एकाच दोरीने बांधलेले आहे. वरचे रान पावसाचे पाणी मुळांत, मातीत मुरवून ठेवते आणि पाऊस सरल्यावर झऱ्यांच्या वाटेने थोडे थोडे सोडते. ते गोडे पाणी खाली येते म्हणून खाडीतील खारेपणा आवाक्यात राहतो. खारेपणा आवाक्यात राहतो म्हणून खारफुटी वाढते, कोळंबी व माशांची पिले तिच्या मुळांशी मोठी होतात, तिसऱ्या व खुबे धरतात. त्यांवर कोळी जगतो आणि खंड्याही जगतो. रान राखले आणि पाणी वळविले, तर खालचे अभयारण्य कागदावर राहील. त्यातील पक्ष्यांचे ताट मात्र रिकामे होऊ लागेल.

हा प्रश्न केवळ कल्पनेतील नाही. म्हादईच्या उपनद्यांचे, विशेषतः कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात न्यावे, अशी कर्नाटकाची जुनी योजना आहे. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरविले गेले. त्या निवाड्याविरुद्ध तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. हुबळी-धारवाडच्या माणसाला पिण्यास पाणी हवे आहे, ही गोष्ट कोणीही नाकारू नये. तहान कोणत्याही राज्याची असो, ती खरीच असते. पावसाळ्यात समुद्रास मिळणारे पाणी वाया जाते, असा युक्तिवादही वारंवार ऐकू येतो. परंतु चोडणच्या चिखलाला विचारले तर तो सांगेल की समुद्रापर्यंत पोहोचलेले पाणी वाया गेलेले नसते. ते वाटेत शेकडो घरी जेवून, जेवू घालून आलेले असते. लवादापुढे राज्यांनी आपापले वकील दिले. धनेश, कस्तूर, क्षत्रबलाक यांना वकील नव्हता. त्यांची बाजू मांडावयाची असेल, तर ती त्यांना पाहणाऱ्या, ओळखणाऱ्या माणसांनीच मांडली पाहिजे.

म्हणूनच पक्षीनिरीक्षणाचा छंद हा रिकामटेकड्यांचा खेळ समजू नये. त्याला फार साहित्य लागत नाही. एक साधी दुर्बीण, एक वही, एक पेन्सिल आणि मातकट रंगाचे कपडे एवढे पुरे. पहाटे निघावे, हळू चालावे, बोलणे टाळावे. घरट्याच्या जवळ जाऊ नये. छायाचित्राच्या मोहाने धनेशाच्या ढोलीपाशी गर्दी करू नये, पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका वाजवू नये. वहीत ठिकाण, तारीख, वेळ आणि पक्ष्यांची संख्या लिहावी. खानापूरच्या एखाद्या शाळेने कणकुंबीच्या धनेशांची नोंद दरवर्षी ठेवली आणि चोडणच्या एखाद्या शाळेने हिवाळी पाहुण्यांची, तर वीस वर्षांनी त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर नदीची प्रकृती कशी आहे ते वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे कळेल. मुलांची भाषा तिकडे मराठी असो वा कन्नड, इकडे मराठी असो वा कोंकणी. पक्षी मोजण्यास त्याची अडचण पडत नाही.

तेव्हा बेळगावहून पणजीस जाणाऱ्या उतारूने पुढच्या खेपेस कणकुंबी आली की मोटारीची काच खाली करावी. रस्त्याकडेच्या झाडीतून एखादी शीळ कानी पडेल. ती ज्या ओढ्याच्या काठी उमटली, त्याचेच पाणी काही काळाने रायबंदरच्या धक्क्याला लागणार आहे आणि तेथे एक खंड्या त्याची वाट पाहत बसला आहे, एवढे त्याने मनाशी धरावे. ते पाणी तेथवर पोहोचू द्यावयाचे की नाही, हे मात्र पक्ष्यांच्या हाती नाही.